भिंतीपलीकडचा हॅमर

हल्ली ते गाणं कुठेही कानावर पडतं. मॉलमध्ये चपला घ्यायला जावं तर तिथे, रिक्षात बसावं तर तिथे, आणि आमच्या नातवाच्या फोनची तर घंटाच ती आहे. परवा त्यानं मला मोठ्या उत्साहानं सांगितलं की आजी, हे जगातल्या थोर रॉक गाण्यांपैकी एक आहे, यावर लोकांनी पुस्तकं लिहिलीत. मी म्हटलं, हो का, छान. पोराच्या उत्साहावर पाणी कशाला ओता. पण मनात म्हटलं, बाळा, या गाण्याच्या पोटात जे धडधडतंय ना, ते आपल्या चिंचवडला होतं. तुझ्या पणजोबांच्या पायाखाली होतं.

गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना त्याची सुरुवात सांगायला नको. सुरुवातीला गिटार नाही, आवाज नाही, नुसता ड्रम. एक हलका ठोका, एक जरा दमाचा, मग दोन भरीव. आणि मग सगळं थांबतं. त्या थांबण्यात एक उसासा ऐकू येतो, कुणी तरी लांब श्वास सोडल्यासारखा. तो थांबा एवढा लांबतो की ऐकणाऱ्याचा जीव खालीवर होतो, आता पुढचा ठोका येतच नाही असं वाटतं, आणि तेवढ्यात तो येतो. गिटारी वगैरे नंतर. शब्दांत एक मुलगा भिंतीला कान लावून उभा आहे आणि पलीकडून त्याला कुणी तरी बोलावतंय. कॉलेजात आम्ही मुली ते प्रेमाचं गाणं समजत होतो. भिंतीपलीकडे दुसरं कोण असणार?

आता हॅमरकडे येते.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, मूळचे तळवड्याचे. तेव्हा तळवडं म्हणजे ज्वारीची रानं आणि ओढा. चिंचवडला कारखाने उभे राहायला लागले तसे आबा लोखंडाला आकार देणाऱ्या एका कंपनीत लागले आणि आम्ही रेल्वेच्या रुळांजवळ दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायला आलो. मी शाळेत असताना कंपनीनं विलायतेहून एक जुना हॅमर विकत आणला. हॅमर म्हणजे हातात धरायचा हातोडा नव्हे. दुमजली घराएवढं लोखंडी धूड, ज्याचा वरचा ठोकळा खाली आपटतो आणि मधल्या लालभडक लोखंडाला आकार देतो. तिकडची कंपनी बंद पडली होती आणि तिचं सामान भंगाराच्या भावानं निघालं होतं. बोटीनं मुंबई, आणि तिथून ट्रेलरवर घाट चढून तो हॅमर आला तेव्हा आख्खं गावठाण रस्त्यावर आलं होतं. बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं. आबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. मी एवढी मोठी वस्तू त्याआधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर देवळात कधी जेवढा भक्तिभाव वाटला नाही तेवढा मला त्या तेलकट काळ्या धुडासमोर वाटला.

त्या हॅमरवर आबांची नेमणूक झाली. एका हातानं, कधी दोन्ही हातांनी, सांडशीत तापलेला लोखंडी तुकडा धरायचा आणि उजव्या पायानं पट्टी दाबून हॅमर खाली आणायचा. आपल्या कामाचा आबांना अभिमान होता, पण कौतुक नव्हतं. हा फरक मला पुढे कळला. जेवताना ते आईला सांगत, आज एवढं काम निघालं. पण काम कसं दिसतं, कसं वाटतं, हे कधी नाही.

आणि त्या कामानं त्यांचे कान खाल्ले. कापसाचे बोळे तेलात बुडवून ते कानात घालत, पण असल्या धडधडाटापुढे बोळ्यांचं काय चालणार. आधी त्यांना आईची हाक ऐकू येईना, मग रेडिओ, मग दाराची कडी. लोकल आली की ते कॉटवर हात टेकत आणि म्हणत, "लोणावळा गेली जनू." ऐकून नव्हे, कॉट थरथरली म्हणून. मी कॉलेजात गेले तोवर त्यांच्याशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून ओठ हलवायचे. हॅमरखात्यातली माणसं तशीही एकमेकांशी ओठांनीच बोलतात, त्यामुळे त्यात ते पटाईत होते. आई मात्र सवयीनं ओरडायची आणि शेजारपाजाऱ्यांना आमच्या घरातली भाजी कुठली ते रोज कळायचं.

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उरलंसुरलंही जाईल, थांबवता येणार नाही. घरी परत येताना आबा एवढंच बोलले, "मी जन्मभर नुसता आवाज केला. दुसरं काय केलं?" ते रागानं बोलले नव्हते, हिशेब सांगावा तसं बोलले होते, आणि मला त्याचंच जास्त लागलं.

त्याच सुमाराला तो हॅमर कुरकुरायला लागला आणि दुरुस्तीसाठी विलायतेहून एक इंजिनिअर आला. तिकडे त्यानंच तो हॅमर सांभाळला होता. कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये तो महिनाभर राहिला. तिथे स्वयंपाक करणारे काका आमच्या शेजारी राहायचे. सावंतवाडीकडचे, माशाचं कालवण असं करायचे की साहेबानं घरच्या आठवणी काढणं बंद केलं. साहेबाचं इंग्रजी आणि काकांचं इंग्रजी यांची भेट कुठे होत असेल देव जाणे, पण दोघं रोज संध्याकाळी पायरीवर बसून गप्पा मारत. जाताना साहेबानं काकांना एक छोटी तबकडी दिली, एका बाजूला एक गाणं असायचं तसली. काकांकडे ती वाजवायला काही नव्हतं. त्यांनी ती मला आणून दिली, कारण आळीत इंग्रजी येणारी म्हणून माझी उगाच ख्याती होती.

वेष्टनावर लांब केसांची चार पोरं एका काळवंडलेल्या विटांच्या भिंतीला टेकून उभी होती. पिंपरी कॅम्पात एका सिंधी काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे मी ती घेऊन गेले. त्यांनी वेष्टन बघून नाक मुरडलं, म्हणाले, "बेटी, ही केसवाली पोरं गातात की ओरडतात?" तरी लावली. एक हलका, एक दमाचा, दोन भरीव. थांबा. उसासा.

 मी दुकानाच्या फळीला धरून उभी राहिले. गाणं संपलं तरी मला हलता येईना. सिंधी काकांनी काही न विचारता सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. हे काय आहे, आणि हे मला आधीपासून माहीत असल्यासारखं का वाटतंय, तेच कळेना. वाटलं, चांगल्या गाण्याचं असंच असेल.

संध्याकाळी शेजारच्या काकांना विचारलं, साहेबानं हीच तबकडी का दिली? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी आधी हसण्यावारी नेलं, कारण काकांना पदरचं घालून सांगायची सवय होती. ती पोरं म्हणे साहेबाच्याच गावची. गाव कारखान्यांचं. पोरांच्या बापांकडे पैसाअडका नाही, वाजवायला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी कारखान्याला लागून असलेली एक पडकी शेड धरली. मधे एकच भिंत, आणि भिंतीपलीकडे हॅमर. दिवसभर तो धडधडायचा. ड्रम वाजवणाऱ्याला आपला ड्रम ऐकू येईना. त्यानं आधी शिव्या दिल्या, मग भिंतीवर लाथा मारल्या, शेवटी हात टेकले आणि तो हॅमरच्या ठोक्याला ठोका देऊन वाजवायला लागला. आणि एक दिवस पलीकडे जेवणाची सुट्टी झाली, हॅमर थांबला, तरी अलीकडे ठोका चालूच राहिला. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. ते गाणं त्या जेवणाच्या सुट्टीत झालं.

"आणि तो हॅमर?" मी विचारलं.

"तोच गो. तुझ्या बापाशीचो," काका म्हणाले. "सायबान माका सोता सांगल्यान. तुका खोटा वाटता तर वाटू दे."

मला खोटं वाटलं नाही. मला एकदम कळलं की ते गाणं मला आधीपासून माहीत का होतं. दुपारी शाळेतून येताना कंपनीच्या कुंपणाकडेनं मी हाच ठोका ऐकत वर्षानुवर्षं चालले होते. भट्टीतून काढलेल्या लोखंडावर खपली असते. ती पाडायला पहिला हलका ठोका. आकार धरायला दुसरा. मग पुरा बसवायला दोन भरीव. आणि मग हॅमरमधली हवा सुटते, तो उसासा, तेवढ्यात माणूस तयार तुकडा बाजूला टाकून भट्टीतून दुसरा काढतो. ज्या थांब्यानं सगळ्या जगाचा जीव टांगणीला लागतो त्यात दुसरं काही नाही, एक माणूस सांडशी घेऊन वळतोय.

त्या रात्री मला दुसरं काही सुचेना. सातासमुद्रापलीकडे चार पोरांनी भिंतीतून आलेला गडगडाट ऐकला आणि त्याचं हे असं केलं, आणि तो गडगडाट करणारं धूड आमच्या रुळांपलीकडे उभं होतं, आणि त्यावर रोज सकाळी माझा बाप भाकरी बांधून घेऊन जात होता. जो म्हणत होता, मी नुसता आवाज केला. मला काहीही करून ते गाणं आबांना ऐकवायचं होतं, त्यांचे कान पुरते जायच्या आत.

आमच्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते. पहिल्याच गुरुवारी मी त्यांना पिंपरी कॅम्पात नेलं. सिंधी काकांनी आवाज एवढा वाढवला की समोरचा कापडवाला भांडायला आला. आबा कर्ण्यासमोर मान तिरपी करून सभ्यपणे उभे राहिले, पाहुण्यांकडे पोराचं गाणं ऐकायला उभं राहतात तसे. संपल्यावर म्हणाले, "बरं हाय. चांगलं हाय." मी ओठांनी विचारलं, काय ऐकू आलं? त्यांनी जरा विचार केला. "कोन तरी वरडतंय," म्हणाले, आणि मला वाईट वाटू नये म्हणून हसले. पत्र्याच्या कर्ण्यातून पोरांचं ओरडणं तेवढं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. खालचा ठोका पोचलाच नव्हता. उशीर झाला, असं मी धरून चालले. वाटेत त्यांनी मला भजी घेऊन दिली आणि मी ती रडत खाल्ली.

त्यांना गोष्ट सांगायचा प्रयत्नही केला. पण न ऐकलेल्या गाण्याची गोष्ट कितीही रंगवली तरी ती गोष्टच. "आसंल," म्हणाले. "लोक कशाचं बी गानं करत्यात."

इथे पुढचं थोडं आधीच सांगून टाकते, नाही तर राहून जाईल. त्या दुकानातून ते गाणं कॅम्पात पसरलं, कॅम्पातून गावठाणात. शब्द कुणालाच कळत नव्हते, त्याची गरजही पडली नाही. गणपतीत ताशेवाल्या पोरांनी तो ठोका उचलला. एक हलका, एक दमाचा, दोन भरीव, आणि थांबा, आणि त्या थांब्यात सगळी मिरवणूक एक पाय वर धरून उभी. पुढे लग्नाच्या वरातीत बँडवाले तो वाजवायला लागले. त्यांना विचारलं तर ते सांगत की हा आपला चिंचवडचा जुना ठेका आहे. मी कधी त्यांची चूक दुरुस्त केली नाही, कारण मला ती चूक वाटतच नाही. नातवाच्या पुस्तकांत मी शोधलं. शेड आहे, भिंत आहे, कारखान्याचा उल्लेखही एके ठिकाणी ओझरता आहे. पायानं हॅमर चालवणारा माणूस कुठे नाही.

तर त्या वर्षीची खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावाकडे औतं आणि कोयती पुजतात, कंपनीत यंत्रं. त्या दिवशी बायकापोरांना आत सोडत. यंत्रं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातलेल्या, लोखंडी पत्र्यांच्या जमिनीवर रांगोळ्या, आणि साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे अनवाणी. एकदा पूजा झाली, नारळ फुटला, की यंत्राला कुणी हात लावायचा नाही. तो दिवस त्याच्या विश्रांतीचा. याबाबतीत आबा फार कडक होते. एकदा एका पोरानं पुजलेल्या यंत्रावर रिकामा डबा ठेवला तर त्यांनी दिवसभर त्याच्याशी अबोला धरला होता.

गाण्यांची व्यवस्था सिंधी काकांकडे होती. त्यांनी या वेळी कर्णे नव्हे, नवीन लाकडी खोके आणले होते, कपाटाएवढे, आणि ते हॅमरखात्यातच जमिनीच्या पत्र्यावर ठेवले होते. आरत्या झाल्या, भक्तिगीतं झाली. पोरं कंटाळायला लागली तशी मी सिंधी काकांना आमची तबकडी लावायला सांगितली. पोरांना नाचायला मिळावं, एवढाच माझा विचार होता. आबांपुरती मी आशा सोडून दिली होती.

आबा खोबऱ्याचं ताट घेऊन प्रसाद वाटत फिरत होते. पहिले चार ठोके पडले तेव्हा ते एका बाईच्या हातावर खोबरं ठेवत होते. त्यांचा हात तसाच वर राहिला. त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग मान वर करून हॅमरच्या दिशेला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा काही लाल झाला की ती बाई मागे सरकली.

"हॅमर कुनी चालू केला रं?" ते गरजले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. गाणं तेवढं चालू. "आज पूजा हाय त्याची! कुनाचा पाय हाय पट्टीवर?" ताट माझ्या हातात कोंबून ते माणसांतून वाट काढत तरातरा हॅमरकडे गेले. मी मागे धावले. तिथे कुणी नव्हतं. वरचा ठोकळा वर होता, लाकडी टेकूवर विसावलेला, माळ जशीच्या तशी. आबांनी हॅमरच्या अंगावर तळहात ठेवला. मग दुसरा ठेवला. त्यांच्या तळहातांखाली हॅमर गार आणि गपगार होता आणि त्यांच्या पायांखाली तो चालू होता.

"बंद हाय," ते म्हणाले, माझ्याकडे वळून. "ह्यो बंद हाय. मग ह्यो कोन?"

मी खोक्याकडे बोट दाखवलं. ते आले, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात खोक्याला लावले. त्यांचा उजवा पाय मागे दुमडलेला होता, आणि मला दिसलं की त्या पायाची टाच ठोक्याच्या नेमकी आधी दबतेय. प्रत्येक वेळी आधी, कारण पट्टी दाबल्यावर हॅमर खाली यायला क्षण जातो. ते गाण्याला ताल देत नव्हते. ते हॅमर चालवत होते.  मी त्यांच्यासमोर बसले आणि आवाज न करता ओठांनी सगळं पुन्हा सांगितलं, तेच गाव, तीच भिंत, पलीकडे पोरं, अलीकडे हा हॅमर. या वेळी ते "आसंल" म्हणाले नाहीत.

गाणं संपलं. "परत लाव," म्हणाले. सिंधी काकांनी परत लावलं. शेवटी शेवटी आबांनी डोळे मिटले होते. थांबा आला की ते मान हलवत आणि माझ्याशी बोलत, स्वतःशी बोलल्यासारखं. "बघ, आता वळला. दुसरा काढला. घाई न्हाई करत. चांगला गडी हाय." ड्रमवाल्या पोराबद्दल बोलत नव्हते ते. त्या पोराच्या मागे, भिंतीच्या पलीकडे, सांडशी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते बघत होते, आणि त्यांच्यामुळे मलाही तो दिसायला लागला. एवढी पुस्तकं लिहिणाऱ्यांना जो सापडला नाही तो माझ्या बापाला तळपायातून सापडला होता. भोवती खात्यातली सगळी माणसं अनवाणी उभी होती आणि कुणी नाचत नव्हतं.

सुई शेवटाला जाऊन खरखरायला लागली. आबांनी डोळे उघडले.

"त्याचे बी कान गेलं आसतील," म्हणाले. "त्याला कुनी ऐकवलं का गं हे?"

मी ओठांनी म्हटलं, माहीत नाही.

 त्यांनी एक हात खोक्यावरच ठेवून सिंधी काकांना खूण केली.

"लावा अजून एक डाव," म्हणाले. "त्याच्या वाटचं बी मीच ऐकतो."